टूरची बॅग माळ्यावर गेली. आता नव्या पोरांना विक्री शिकवायची कुठं?

भोसरीकर | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहितो. थोडं लांबेल.

मी गेली २३ वर्षं मशीन विकतोय. आमची भोसरी एमआयडीसीत मध्यम आकाराची कंपनी आहे. मशीनिंग झालेल्या पार्टवरची चिप (धातूचा किस), कूलंट (कापताना सोडतात ते थंड ठेवणारं द्रावण), तेल धुऊन काढणारी वॉशिंग मशीन आम्ही बनवतो. कस्टमर बहुतेक गाड्यांचे सुटे भाग करणारे. चाकण, होसूर, सानंद, राजकोट, फरिदाबाद, कोईमतूर इथले. मशीन १२ लाखांपासून दीड कोटीपर्यंत जातं.

मार्च २०२० पर्यंत विक्रीत आम्ही सातजण होतो आणि सातहीजण महिन्यातले पंधरा-सोळा दिवस बाहेर. रविवारी रात्री बॅग भरायची, आठवडाभर फिरायचं, शनिवारी डीव्हीआर, म्हणजे भेटींचा रिपोर्ट, आणि प्रवासभत्त्याची टीए-डीएची बिलं. २५ मार्चला देश बंद झाला आणि बॅग माळ्यावर गेली. सप्टेंबरात आम्ही पहिलं मशीन व्हिडिओवर पास करून घेतलं. आधी पीडीआयला, म्हणजे मशीन पाठवण्याआधीच्या तपासणीला, कस्टमरची दोन माणसं दोन दिवस येऊन राहायची. त्या वेळी एक मोबाईल ट्रायपॉडवर लावला, एक माझ्या हातात, आणि त्यांचे क्वालिटीचे साहेब त्यांच्या घरी. मिलिपोर चाचणी पूर्ण कॅमेऱ्यासमोर केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: धुतलेला पार्ट स्वच्छ द्रावणानं पुन्हा खंगाळायचा, ते द्रावण ५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळायचं, पडद्यावर उरलेली घाण मिलिग्रॅममध्ये तोलायची आणि सगळ्यात मोठा कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. काट्यावरचा आकडा दिसावा म्हणून मी मोबाईल अगदी जवळ धरला होता आणि हात थरथरत होता. साहेब म्हणाले, ‘ओके, डिस्पॅच करा.’ त्या दिवशी आमच्या धंद्याची एक भिंत पडली.

आज विक्रीत नऊजण आहेत. फिरतात फक्त दोघं. बाकीचे सात भोसरीतून किंवा घरून काम करतात. इन्क्वायरी इंडियामार्टवरून, वेबसाइटवरून, लिंक्डइनवरून येते. ड्रॉइंग त्याच दिवशी, कोटेशन दुसऱ्या दिवशी. पूर्वी चांगला माणूस दिवसाला तीन व्हिजिट करायचा, तेही तिन्ही कंपन्या एकाच एमआयडीसीत असल्या तर. आता आमची एक मुलगी सकाळी फरिदाबाद, दुपारी कोईमतूर आणि संध्याकाळी राजकोट करते आणि सात वाजता घरी असते. हे सगळं मला मनापासून आवडतं. मुलं लहान असताना मी किती वाढदिवस चुकवले ते माझं मला ठाऊक.

पण गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. दक्षिणेतल्या एका कस्टमरनं अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे वीस नग ट्रायलसाठी कुरियरनं पाठवले. ५ मिलिग्रॅमची मर्यादा होती, ट्रायलला ३ आले. आमच्या पोरानं व्हिडिओवर त्यांची सगळी लाईन पाहिली, चेकलिस्टमधला एकूण एक प्रश्न विचारला, ६८ लाखांची ऑर्डर आणली. मशीन गेलं, उभं राहिलं, आणि पहिल्याच दिवशी रीडिंग आलं ११. आठवडा गेल्यावर आमच्या सर्व्हिस इंजिनिअरला कारण सापडलं. त्यांच्याकडं मशीनिंग झालेला माल बिनमध्ये (माल ठेवायच्या पेट्यांत) तीन-तीन दिवस पडून राहतो. कूलंट वाळतं आणि बारीक चिप एम-६ च्या बंद टॅपिंगमध्ये (आटे पाडलेल्या, तळ बंद असलेल्या भोकात) सिमेंटसारखी बसते. आम्हाला आलेले वीस नग ताजे होते, वर हवा मारून पुसून पाठवलेले. ते बिन शॉपच्या मागच्या कोपऱ्यात होते. कॅमेरा जिकडं फिरवला तिकडंच आम्हाला दिसलं. नोझल बदलली, बुडवून फिरवायचं एक स्टेशन वाढवलं, चार लाख पदरचे घातले, आणि १० टक्के रिटेन्शन (कस्टमर मागं ठेवतो ती रक्कम) अजून अडकलेलं आहे.

पोराचा दोष नाही. ते बिन बघायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मला शिकवलं होतं. २००२ साली मी लागलो तेव्हा आमच्या साहेबांच्या स्कूटरवर मागं बसून वर्षभर फिरलो. त्यांनी एकदाही ‘आता हे शिक’ म्हटलं नाही. गेटवर सही करताना ते रजिस्टरची दोन पानं मागं चाळायचे. कालपरवा आपल्या धंद्यातला दुसरा कोण येऊन गेला ते तिथं लिहिलेलं असतं. शॉपमध्ये शिरल्यावर आधी स्क्रॅपच्या पेटीत डोकवायचे. परचेसच्या साहेबांना भेटण्याआधी स्टोअरमधल्या माणसाबरोबर चहा घ्यायचे, कारण सप्लायरची पेमेंट किती दिवस थकतात ते स्टोअरला पक्कं माहीत असतं.

तर माझे दोन प्रश्न. एक, गेटचं रजिस्टर व्हिडिओ कॉलवर दिसत नाही, मग ही नजर नव्या पोरांना द्यायची कशी? दोन, इन्सेंटिव्ह. सानंदच्या एका ऑर्डरवर आमच्या मुलीनं चार महिने घालवले, चौदा मीटिंग केल्या. शेवटच्या निगोशिएशनला आमचे जुने फील्डचे साहेब एक दिवस जाऊन बसले. आमच्या नियमानं इलाखा ज्याचा, इन्सेंटिव्ह त्याचा. सगळे पैसे त्यांना मिळाले. मुलगी काही बोलली नाही, पण तेव्हापासून ती गप्प आहे. तुमच्याकडं कसं करता?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:३५

भोसरीकर काका, त्या मुलीच्या गप्प राहण्याकडं लक्ष द्या. ती नोकरी शोधत असेल. मी अशीच गप्प झाले होते आणि दोन महिन्यांत राजीनामा दिला होता.

मी कराडला राहते आणि अमेरिकेतल्या लहान गोदामवाल्यांना सॉफ्टवेअर विकते. आता जेवून कामाला बसलेय, दोन कॉलच्या मधे लिहितेय. उन्हाळ्यात त्यांच्या पूर्व किनाऱ्याचं घड्याळ आपल्यामागं साडेनऊ तास असतं, थंडीत साडेदहा. झोपेचं गणित वर्षातून दोनदा बदलतं, आणि घरातल्यांचंही.

तुमचं दुःख मला समजतं, पण त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर मला कुणी बसवलं नसतं. २०१४ साली मी पुण्यात एका पंप कंपनीत मुलाखत दिली होती. गुण चांगले होते, प्रॉडक्ट पाठ होतं. ‘टूर करावी लागेल, एकटीनं लॉजवर राहावं लागेल, तुमच्या घरी चालेल का?’ हा प्रश्न मला विचारला, माझ्याबरोबरच्या मुलांना नाही. नोकरी कोटेशन टाइप करायची मिळाली. माझ्यासारख्या कितीजणी विक्रीत आल्या त्या केवळ टूरची अट गेली म्हणून. आमच्या टीममध्ये एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, आणि सलग तीन तिमाही तो पहिला आलाय.

नजरेचं म्हणाल तर पडद्यावरची नजर वेगळी असते, पण असते. मी डेमो कधीच पहिल्या कॉलला देत नाही. समोरच्याला म्हणते, तुम्ही आज काम कसं करता ते मला दाखवा, तुमचं एक्सेल उघडा. त्या एक्सेलमध्ये कुणीतरी हातानं रंगवलेल्या पिवळ्या ओळी असतात. ‘ह्या पिवळ्या का?’ असं विचारलं की सगळं दुखणं बाहेर येतं. तुमच्या पोरानं लाईन बघितली ती त्यांनी दाखवली तशी. त्यानं म्हणायला हवं होतं, एक पार्ट हातात घ्या आणि गेटातून कच्चा माल येतो तिथपासून ट्रकमध्ये चढतो तिथपर्यंत मोबाईल चालू ठेवून त्याच्याबरोबर चाला. वाटेत तो जिथं थांबला असता तिथं ते बिन दिसलेच असते.

आणि दुसरं, आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. नवीन माणूस पहिले तीन आठवडे फक्त जुने कॉल ऐकतो. जिंकलेले आणि मुख्य म्हणजे हरलेले. तुमच्या साहेबांच्या स्कूटरवर एकच माणूस बसू शकत होता.

वाळूजचा परचेसवाला | मंगळवार, सकाळी ८:१०

टेबलाच्या पलीकडून बोलतो. २००६ पासून परचेसमध्ये आहे.

पूर्वी आमच्याकडं सप्लायरची वेळ ३ ते ५ असायची. रिसेप्शनला दहाबाराजण बॅगा घेऊन बसलेले. मी प्रत्येकाला दहा मिनिटं द्यायचो, कॅटलॉग घ्यायचो आणि कपाटात टाकायचो. खरं सांगतो, त्यातल्या निम्म्या भेटींत माझा आणि त्या माणसाचा, दोघांचाही वेळ वाया जायचा. आता मला मशीन घ्यायचं असेल तर कुणाला बोलावण्याआधी मी चार कंपन्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात, ओळखीच्या दोन परचेसवाल्यांना विचारलेलं असतं, अंदाजे किंमत माहीत असते. तुमचा माणूस मला पहिल्यांदा भेटतो तेव्हा माझं निम्मं मत झालेलं असतं. त्यामुळं ‘सर, आमच्या कंपनीविषयी थोडं सांगतो’ अशी सुरुवात झाली की माझं लक्ष उडतं.

दुसरा बदल फार कुणी बोलत नाही. पूर्वी तुमचा माणूस आधी प्रॉडक्शनला भेटायचा, मग मेंटेनन्सला, मग माझ्याकडं यायचा. प्रत्येकाला वेगळं काहीतरी कबूल करून ठेवायचा. आता एकाच कॉलवर आम्ही सहाजण असतो. मेंटेनन्सला दिलेला शब्द फायनान्सच्या कानावर पडतो. यानं विक्रीवाल्यांची पंचाईत झाली असेल, पण आमच्या कंपनीतली भांडणं कमी झाली. कॉल संपला की मी म्हणतो, आता बोललात ते सगळं मेलवर लिहा. आयटी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम १०-अ आलं. करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. बोलण्यापेक्षा मेल मला कामाला येतो.

पण कितीही व्हिडिओ झाले तरी नवा सप्लायर आम्ही कारखाना बघितल्याशिवाय घेत नाही. गाड्यांच्या धंद्यात आयएटीएफ १६९४९ हे क्वालिटीचं स्टँडर्ड पाळायचं तर सप्लायरवर नजर ठेवणं आमच्याच गळ्यात आहे. म्हणजे फिरणं थांबलं नाही, भोसरीकर. फिरणारा माणूस बदलला. पूर्वी तुम्ही आमच्याकडं दहादा यायचात, आता आम्ही तुमच्याकडं एकदा येतो, आणि त्या एका भेटीत सगळं ठरतं.

आणि त्या बिनबद्दल. तुमच्या कस्टमरनं लपवलं नसणार. ज्याच्या हातात मोबाईल होता तो माणूस ते बिन रोज बघतो. रोज दिसणारी गोष्ट दाखवावी असं कुणाच्या मनातच येत नाही.

भोसरीकर | मंगळवार, सकाळी ८:४०

हे शेवटचं वाक्य मी टीमच्या ग्रुपवर टाकतोय. धन्यवाद. आणि ताई, ‘पार्टबरोबर चाला’ हे आजपासून आमच्या चेकलिस्टमध्ये पहिलं.

शिरोली नाका | मंगळवार, दुपारी २:२०

सगळे कंपनीवाले आणि परचेसवाले बोलाय लागलेत, म्हणून डीलरचं पण ऐका.

कोल्हापुरात माझं दुकान आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपना कटिंग टूल्स, इन्सर्ट (टूलला लावायची बदलती कापणारी टिकली), कूलंट पुरवतो. वडिलांनी १९८८ साली सुरू केलं. आम्ही ज्या कंपनीचा माल विकतो तिनं तीन वर्षांपूर्वी पोर्टल आणलं. प्रत्येक बिल त्यात भरायचं. कस्टमरचं नाव, नंबर, कुठला इन्सर्ट, महिन्याला किती. न भरलं तर स्कीम बंद. आम्ही विश्वासानं भरलं. वर्षाच्या आत त्यांच्या ऑफिसातली पोरं आमच्याच गिऱ्हाइकांना थेट फोन करायला लागली. ‘सर, तुम्ही हा ग्रेड वापरता ना? त्याच्याऐवजी नवीन घ्या, व्हिडिओवर सेटिंग दाखवतो.’

माहिती बरोबर असते, पोरं हुशार आहेत, मी नाकारत नाही. स्पीड-फीड माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. पण रात्री साडेअकराला इन्सर्ट संपला म्हणून ज्याची मशीन थांबते तो फोन मला करतो. शटर उघडून मी डबी देतो. ९० दिवसांची उधारी माझी, गोडाऊनमध्ये पडलेला माल माझा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद पडला तेव्हा इथं जो माल होता तो आमच्या गोडाऊनमधलाच. पडद्यावरनं विकणाऱ्याला ह्यातलं काही करावं लागत नाही, पण टार्गेट त्याचं पुरं होतं आणि माझं मार्जिन आठावरनं पाचावर येतं.

भोसरीकर साहेब, तुम्ही इन्सेंटिव्हचं विचारलंत. तुमच्या मुलीचं आणि फील्डच्या साहेबांचं भांडण तसंच माझं आणि कंपनीचं. इलाखा ही गोष्ट फोननं मोडली. पण इलाख्याची जबाबदारी अजून कुणाच्या तरी अंगावर आहे. ती ज्याच्या अंगावर, त्याला हिस्सा पाहिजे. पुरा नको, हिस्सा.

स्टुटगार्टहून | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

कृष्णाकाठ यांच्या रेकॉर्डिंगविषयी एक सावधगिरी. मी इथं एका मशीन टूलच्या कंपनीत विक्रीतच आहे. जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम २०१ नुसार समोरच्याच्या परवानगीशिवाय खासगी संभाषण रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यापैकी कुणी युरोपात पडद्यावरून विकत असेल तर कॉलच्या सुरुवातीलाच स्पष्ट विचारा आणि नाही म्हणाले तर बंद करा. पुण्याच्या एका टीमनं न विचारता रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि त्यांचा बॉट ‘सभासद’ म्हणून कॉलवर दिसला, तेव्हा आमच्या ग्राहकानं तिथंच कॉल तोडला. दोन वर्षांचं काम गेलं.

इथला माझा अनुभव: हानोफर मेसं हे इथलं मोठं औद्योगिक प्रदर्शन २०२० मध्ये रद्द झालं, २०२१ मध्ये फक्त पडद्यावर झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा हॉलमध्ये. पडद्यावरच्या वर्षी आमच्याकडं नावं भरपूर जमली, बोलणं मात्र जेमतेम झालं. स्टॉलवर माणूस मशीनवर हात ठेवून उभा राहतो, दार उघडतो, मिटतो, दाराचा आवाज ऐकतो. पंधरा मिनिटं काही बोलत नाही आणि मग खरा प्रश्न विचारतो. व्हिडिओवर पंधरा मिनिटं गप्प बसणं कुणालाच जमत नाही.

पण आमच्यातली जुनी माणसं म्हणतात तसं सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. सुटे भाग, रेट्रोफिट (जुन्या मशीनला नवे भाग बसवणं), दुसरं तिसरं मशीन, हे सगळं आता पडद्यावर होतं आणि त्यासाठी कुणी भेट मागितली तर ग्राहकच विचारतो, कशाला? भारतातल्या सहकाऱ्यांशी माझी गाठ सकाळीच पडते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. आमची दुपार झाली की पुणं घरी जायला निघालेलं असतं. पण पूर्वी वर्षातून एकदा व्हिसा काढून येणाऱ्या त्या इंजिनिअरना मी आता आठवड्यातून तीनदा भेटतो. ग्राहक त्यांना नावानं ओळखायला लागलेत. हा फायदा लहान नाही.

इन्सेंटिव्ह: आमच्याकडं पगार मोठा आणि कमिशन लहान, त्यामुळं भांडण कमी. पण भारतात मूळ पगारच असा ठेवतात की इन्सेंटिव्ह आला नाही तर घराचा हप्ता चुकतो. तिथं हा सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

अकोला एचक्यू | मंगळवार, रात्री १०:४५

माझा धंदा वेगळा आहे, औषधांचा. एमआर आहे, डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा, १७ वर्षं झाली. अकोला एचक्यू, म्हणजे मुख्य ठिकाण, बाकी वाशीम, रिसोड, अकोट, कारंजा.

२०२० मध्ये आमच्या हातात टॅब दिला. डॉक्टरला लिंक पाठवायची, व्हिडिओवर डिटेलिंग करायचं. कुणी उचलेना ना जी. डॉक्टर पीपीई किट घालून उभे आहेत आणि मी त्यांना लिंक पाठवतोय, माझी मलाच लाज वाटायची. पुढे काही डॉक्टरांना ते सोयीचं वाटलं हे खरं. रात्री साडेनऊला ओपीडी आटोपल्यावर घरून पाच मिनिटं बोलतात आणि त्या पाच मिनिटांत नीट प्रश्न विचारतात. क्लिनिकमध्ये मला दोन पेशंटच्या मधे ४० सेकंद मिळायचे. तेवढा फायदा मान्य.

पण लॉकडाऊन संपला आणि दोन्ही कामं आमच्या अंगावर राहिली. दिवसाला दहा डॉक्टर भेटायचे आणि संध्याकाळी सहा डिजिटल कॉल. डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा रिपोर्ट, पूर्वी रात्री लिहायचो. आता क्लिनिकच्या दारात उभं राहून अ‍ॅपमध्ये टाकावा लागतो, जीपीएस जुळला नाही तर व्हिजिट बाद. गेल्या पावसाळ्यात रिसोड रोडवर झाडाखाली थांबलो होतो, अर्धा तास. साहेबांचा फोन आला, तुमचा बिंदू हलत नाहीये. मोठा पाऊस होता, मी काय सांगू.

१९७६ साली आमच्यासारख्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. नेमणूकपत्र, रजा, कामाच्या अटी कागदावर याव्यात म्हणून जुन्या लोकांनी आंदोलनं केली. त्यांच्या डोक्यात बॅग आणि बस होती. रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल ड्युटीत धरायचा की नाही, हे माझ्या नेमणूकपत्रात कुठंच नाही. भोसरीकर साहेब, तुम्ही चांगले दिसता, म्हणून सांगतो. पोरांची सात वाजताची सुट्टी लेखी करून द्या.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:५०

अकोल्याचे दादा, वाचून थांबले. माझ्याकडून एक चूक झाली. रेकॉर्डिंगची बाजू मी फक्त चांगली मांडली. आमच्याकडंही सॉफ्टवेअर मोजतं, मी कॉलमध्ये किती टक्के बोलले, ग्राहक किती. सुरुवातीला त्याचा मला उपयोग झाला, मी खूप बोलायचे ते कळलं. पुढं तोच आकडा मॅनेजरच्या तक्त्यात गेला आणि आम्ही आकड्यासाठी बोलायला लागलो. शिकायला दिलेलं साधन मोजायला वापरलं की शिकणं तिथंच थांबतं, हे मी स्वतः पाहिलंय. स्टुटगार्टचा मुद्दाही बरोबर. अमेरिकेतही काही राज्यांत दोन्ही बाजूंची संमती लागते, कॅलिफोर्निया त्यातलंच. आम्ही प्रत्येक कॉलला विचारतो.

नांदेडचा नवखा | बुधवार, पहाटे १:१५

इथं पहिल्यांदा लिहितोय. बहुतेक वयानं मी इथं सगळ्यात लहान असेन.

मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि २०२१ मध्ये एका ऑटोमेशन कंपनीत विक्रीला लागलो, घरून. लॅपटॉप कुरियरनं आला. इंटरव्ह्यू व्हिडिओवर, ट्रेनिंग व्हिडिओवर, पहिली ऑर्डर व्हिडिओवर. पहिल्या प्रत्यक्ष कस्टमरला मी भेटलो ती नोकरीच्या १९व्या महिन्यात, चाकणला. शॉपमध्ये शिरल्यावर कूलंटचा वास आला. तो शब्द मी तोपर्यंत शेकडो वेळा उच्चारला होता. ऑपरेटर ज्या प्लॅटफॉर्मवर उभा होता तो निसरडा होता आणि आमचा पॅनेल त्याच्या खांद्याच्या वर येत होता. प्रत्येक वेळी बटण दाबायला तो टाचा उंच करायचा. दिवसाला किती वेळा, मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. ड्रॉइंगमध्ये ती उंची मीच मंजूर केली होती.

भोसरीकर सर, तुमचा ‘कुठं शिकवायचं’ हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आम्हाला वाटतं की तुमच्या पिढीला आमचं काम सोपं वाटतं. अवघड कुठं जातं ते सांगतो. ऑर्डर गेल्यावर. तुमच्या वेळी ऑर्डर गेली तर परतीच्या बसमध्ये साहेब शेजारी असायचे. काहीतरी बोलायचे, निदान चहा पाजायचे. माझी ४० लाखांची ऑर्डर गेली तेव्हा कॉल संपला, खिडकी बंद झाली आणि मी माझ्या खोलीत होतो. बाहेर आई भाजी निवडत होती. पाच मिनिटांनी पुढचा कॉल होता, हसून ‘गुड आफ्टरनून सर’ म्हणायचं होतं.

मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं तर आमच्या सर्व्हिस इंजिनिअरनं. विक्रीतल्या कुणी नाही. ते कमिशनिंगला, म्हणजे मशीन साइटवर चालू करून द्यायला, गेले की रात्री मला फोन करून सांगायचे, आज काय काय चुकीचं निघालं. त्यातलं निम्मं मी विकताना कबूल केलेलं असायचं. तुमच्या होसूरकडच्या... दक्षिणेतल्या मशीनच्या वेळी तो विक्रीचा मुलगा सर्व्हिसबरोबर गेला होता का?

भोसरीकर | बुधवार, सकाळी ७:३०

नव्हता गेला. त्याला दुसऱ्या इन्क्वायऱ्या होत्या आणि मीच म्हटलं, तुझं काम झालं, आता सर्व्हिस बघेल. तुझा प्रश्न वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. साडेतीन आठवडे आमचा सर्व्हिसचा माणूस तिथं राहिला. ज्यानं विकलं त्यानं ते बिन आजपर्यंत डोळ्यांनी पाहिलेले नाहीत.

वाळूजचा परचेसवाला | बुधवार, सकाळी ९:००

कमिशनिंगला विक्रीचा माणूस आला तर आमच्या बाजूनंही त्याची किंमत मोठी असते. पैसे दिल्यावर येणारा सेल्सवाला आमच्या लक्षात राहतो. पुढच्या वर्षीचं मशीन मी त्याला फोनवर देतो, एकही भेट न घेता. नांदेडच्या मुलाला सांगायचं राहिलं: पॅनेलची उंची ज्या दिवशी तुझ्या डोळ्यांत सलली त्या दिवशी तू विक्रीतला झालास. तो पॅनेल खाली घेतला का?

नांदेडचा नवखा | बुधवार, सकाळी ९:२०

घेतला सर. १८० मिलिमीटर. ब्रॅकेटचा खर्च कंपनीनं दिला.

भोसरीकर | गुरुवार, रात्री १०:१५

मंडळी, आज मालकांबरोबर बसलो. दीड तास गेला. जे ठरलं ते सांगतो, अजून कच्चं आहे, चुकत असेल तर सांगा.

इलाख्याचा नियम काढला. २५ लाखांच्या वरच्या ऑर्डरवर इन्सेंटिव्हचे तीन हिस्से होतील: ज्यानं इन्क्वायरीपासून काम चालवलं त्याचा मोठा, जो प्रत्यक्ष जाऊन बसला त्याचा, आणि तिसरा सर्व्हिसचा, मशीन साइटवर पास झाल्यावर. हा तिसरा हिस्सा आमच्याकडं कधीच नव्हता. मालकांनी आधी नकार दिला. दक्षिणेतल्या त्या चार लाखांचा हिशेब पुढं ठेवला तेव्हा ऐकलं. सानंदच्या ऑर्डरचं मागच्या तारखेनं मुलीला देणार आहोत. फील्डच्या साहेबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. २० वर्षं आमच्याकडं असलेला माणूस आहे, त्यांचं वाईट वाटणंही खरं आहे. त्यांना मी दुसरं काम मागितलंय. महिन्यातून एक आठवडा त्यांनी पोरांपैकी एकाला घेऊन फिरायचं, कुठलंही टार्गेट न ठेवता. गाडी कंपनीची. ते अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

विक्रीच्या प्रत्येक पोरानं स्वतः विकलेल्या मशीनच्या कमिशनिंगला निदान तीन दिवस जायचं. मुलींनाही विचारलं, दोघी लगेच तयार झाल्या, एकीनं राहायच्या जागेविषयी अटी सांगितल्या, त्या लेखी केल्या. सात नंतर कॉल नाही, हेही लेखी. फक्त निर्यातीच्या कॉलला सूट, आणि त्या दिवशी सकाळी उशिरा यायचं. अकोल्याच्या दादांचे आभार. कॉलचं रेकॉर्डिंग ठेवणार, परवानगी विचारून, पण ते ऐकणार फक्त शिकणारा आणि त्याला शिकवणारा. आकडे काढायचे नाहीत.

डीलरच्या हिश्श्याचं मात्र आमच्याकडं काहीच ठरलं नाही. कोल्हापूर-सांगलीत आमचे दोन डीलर आहेत आणि शिरोलीकरांनी लिहिलं तसंच आम्हीही त्यांच्या कस्टमरना थेट कॉल करतोय, हे मला आज मीटिंगमध्ये मान्य करावं लागलं. सोमवारी मी स्वतः कोल्हापूरला जातोय, त्या दोघांना भेटायला. दक्षिणेतलं मशीन विकणारा तो पोरगा माझ्यासोबत येतोय. शिरोलीकर, तुमच्याकडं वेळ असेल तर एखाद्या फाउंड्रीत त्याला फिरवाल का? मी बोलणार नाही, मागं उभा राहीन.

शिरोली नाका | गुरुवार, रात्री ११:००

या की. साडेनऊला दुकानात या, चहा घेऊन निघू. दोन फाउंड्र्या आणि एक मशीन शॉप दाखवतो. पोराला सेफ्टी शूज घालून आणा, नाहीतर आत सोडत नाहीत. गेटवर सही आधी त्याला करू दे. आमच्याकडं रजिस्टर अजून वहीतच आहे.